सतरा हिरवे चौकोन

मी चादरी आणि टॉवेलची डिझाइनं काढतो. हल्ली सगळं काम संगणकावर होतं, पण मी शिकलो ते आलेखाच्या कागदावर. एक चौकोन म्हणजे एक धागा. रंगवला तर तो धागा वर येणार, कोरा सोडला तर खाली जाणार. उभं आयुष्य असे चौकोन भरण्यात गेल्यामुळे असेल, पण कुठलीही मोठी गोष्ट मला चौकोन पाडल्याशिवाय समजत नाही. जगाचंही मी तेच केलं. त्यात माझ्या हातून जे झालं ते आता मिटलं आहे. मनावरचं ओझं उतरलं, म्हणूनच शांतपणे लिहू शकतो आहे.

सुरुवात टीव्हीवरच्या एका बातमीने झाली. कुठल्याशा मोठ्या परिषदेत एका चिमुकल्या बेटाचा प्रतिनिधी बोलत होता. त्याचं बेट समुद्रात बुडत चाललं होतं आणि समोरच्या निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच्या आधी एका बलाढ्य देशाचा मंत्री बोलला, तेव्हा त्याच खुर्च्या भरलेल्या होत्या. मला ते लागलं. रविवारी मी माझ्या मित्राला सांगितलं.

हा मित्र माझ्या कॉलेजातला. शुक्रवार पेठेत त्याचा टेम्पोचा धंदा आहे. सांगोल्याची डाळिंबं आणायची, इथल्या चादरी बाहेर पोचवायच्या. त्याचं ऑफिस म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक खोली, एक टेबल, आणि बसायला डाळिंबाचे उपडे क्रेट. रविवारी सकाळी मी तिथे जायचो, ही आमची कॉलेज सुटल्यापासूनची रीत. अस्सल सोलापुरी माणसाप्रमाणे तो कलेक्टरपासून हमालापर्यंत सगळ्यांना 'बे' म्हणतो. मला तर जास्तच.

मी म्हणालो, "शेठ, समज प्रत्येक भागातल्या देशांनी मिळून एक गट केला. आणि सगळ्या गटांत माणसं साधारण सारखीच असली. मग कुणीच कुणाला रिकाम्या खुर्च्या दाखवू शकणार नाही."

"म्हणजे गल्लीतल्यासारखं," तो म्हणाला. "एका घराचं नगरसेवक ऐकत न्हाय. आख्खी गल्ली गेली की पाण्याची वेळ बदलतो."

"तसंच."

"मग काढ की बे कागद. वाट कसली बघायलास?"

मी कागद काढला. एक कोटी माणसांना एक चौकोन. जगाची माणसं साधारण आठशे कोटी, म्हणजे आठशे चौकोन. आठ गट आणि प्रत्येकाला शंभराच्या आसपास चौकोन. नियम मी एकच घातला होता. एका गटातल्या देशांची शीव एकमेकांना लागलेली हवी, नाहीतर मधे फक्त समुद्र हवा. कुणालाही उचलून भलतीकडे टाकायचं नाही.

ते रविवार फार मजेत गेले. रशिया युरोपात घ्यायचा का, यावर दोन रविवार भांडलो. मंगोलियाला एक चौकोनही धड मिळेना, तर तो म्हणाला, "माणसं कमी पडत असतील तर घोडे मोज." आफ्रिकेचे दोन गट पाडले. अमेरिका, उत्तर आणि दक्षिण मिळून, एकाच गटात बसली, तर त्याला वाईट वाटलं. "ब्राझीलवाल्यांनी काय पाप केलंय?" म्हणाला. शेजारचा झेरॉक्सवाला मधेच डोकावून विचारायचा, "झालं का वाटप? आमाला काय आलं?" आमच्या वाचनालयात पेठेतली माणसं अधूनमधून भाषणं देतात, तिथल्या कार्यवाहांना हे कळलं आणि त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी जन्मात कधी भाषण केलेलं नाही. तरी हो म्हणालो, कारण पहिल्या रांगेत हा बसणार होता.

चीनचा गटही जड होता, पण त्याच्या शेजारी माणसं कमी. खरी अडचण आमच्याच भागात होती. भारताचेच एकशे चाळीसच्या वर चौकोन. एकटा बसला तरी गट भरून सांडतो. त्यात पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका घातले की आकडा दोनशेला टेकतो. उलट पश्चिम आशियाचा गट अगदी हलका, पन्नाससाठच्या आत. डिझाइनमध्ये आमची एक सवय असते. एका कोपऱ्यात रंग जास्त झाला की थोडा उचलून समोरच्या कोपऱ्यात टाकायचा. त्याशिवाय चादर एका बाजूला ओढल्यासारखी दिसते. मी तेच केलं. तो डाळिंबाच्या गडबडीत सांगोल्याला गेला होता, म्हणून शेवटचं रंगकाम मी घरी एकट्यानेच उरकलं. पश्चिम आशियाला मी हिरवा रंग दिला होता. पाकिस्तानची शीव इराणला लागते, त्याचे चौकोन हिरवे केले. मग बांगलादेशचे सतरा चौकोन हिरवे केले. पेन्सिल ठेवली. समतोल छान दिसत होता.

रविवारी तो सांगोल्याहून परतला होता. ऑफिसात त्याने चष्मा लावला आणि कागद टेबलावर पसरून आफ्रिकेपासून बघत निघाला. "झकास," म्हणाला. मग बोट थांबलं.

"हे काय हाय?"

"बांगलादेश."

"ते दिसायलंय. हिरवं कसं?"

"तो गट हलका पडत होता. आपला जड. बॅलन्स केलं."

"मधे सगळा आपला देश हाय की. तुझाच नियम, शिवेला शीव लागायला पायजे."

मी कोपऱ्यातल्या बेरजेवर पेन्सिल टेकवली.

"ह्या बाजूला म्यानमार लागूनच हाय. त्याचा गट पण हलकाच दिसायलाय." त्याने बोट तिथून उचललं आणि चष्मा काढला. "बरं, शुक्रवार पेठ कुठल्या रंगात टाकलीस?"

असं म्हणून तो हसला, नेहमी हसतो तसाच. टेम्पो भरायचाय म्हणाला आणि उठून गेला. ग्लासात चहा अर्धा होता. तो चहा कधी टाकत नाही.

आता खरं सांगायचं तर घरी जाताना मला राग आला. इतक्या वर्षांची दोस्ती आणि एवढ्याशा गोष्टीवरून मनाला लावून घ्यायचं? तो मुसलमान आहे हे खरं, पण हा आकड्यांचा प्रश्न होता, धर्माचा नव्हता. दुपारभर मी स्वतःच्या बाजूने वकिली केली. मग कागद पुन्हा काढला आणि बेरीज करून बघितली. ते सतरा चौकोन आग्नेय आशियात टाकले असते तरी समतोल तितकाच राहिला असता. अंतर कमी झालं असतं आणि नियमही मोडला नसता. सगळ्या जगात मी तो नियम एकाच ठिकाणी मोडला होता. श्रीलंकेला किंवा नेपाळला उचलून कुठे नेण्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. हात परस्पर तिकडे गेला होता, मला न विचारता, आणि तो कुठल्या वाटेने गेला ते मला आता स्पष्ट दिसत होतं.

पुढच्या रविवारी मी ऑफिसात गेलो.

"या साहेब," तो उभा राहून म्हणाला. "बसा. खुर्चीवर बसा."

मी क्रेटवर बसणारा माणूस. त्याने खुर्ची पुसली. हॉटेलवाल्या पोऱ्याला हाक मारून चहा मागवला, सोबत बिस्किटं सांगितली. कॉलेजपासून आजवर त्याने मला बिस्किट विचारलं नव्हतं. घरचे कसे आहेत, भाषणाची तयारी कुठवर आली, सगळं नीट विचारलं, आणि प्रत्येक वाक्यात 'तुम्ही'. मला कुणी बाहेर उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी बरोबर नवा कागद नेला होता. बांगलादेश आग्नेय आशियाच्या पिवळ्या रंगात घातला होता. तो त्याच्यापुढे सरकवला.

"छान झालं," तो म्हणाला. "आता बरोबर झालं." चष्मा त्याने लावलाच नाही.

त्यानंतर मी वाचनालयात जाऊन घसा बसल्याचं सांगितलं आणि भाषण पुढे ढकललं. घसा चांगला होता. जगातली माणसं सारखी मोजली जावीत असं ज्या तोंडाने सांगायचं, त्याच तोंडाने मी एका मित्राशी बोलू शकत नव्हतो.

बायकोच्या लक्षात आलं. ती चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती.

"अहो, भाईंचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत."

मी तिला सगळं सांगितलं. अगदी हात कुठल्या वाटेने गेला तेही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"कागद नीट केला. नेऊन दाखवला."

"कागदाला वाईट वाटलं होतं का?" ती म्हणाली आणि टरफलं फुंकत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तोंड दिलंय देवाने. रोज मला एवढं ऐकवता ते."

संधी आठवड्याभरातच आली. आमच्या कारखान्याचा माल मैंदर्गीला एका दुकानात जायचा होता. मित्राच्या ड्रायव्हरच्या घरी लग्न होतं, म्हणून टेम्पो घेऊन तो स्वतःच आला. गठ्ठे भरून झाले. डिझाइन काढणाऱ्या माणसाला मालाबरोबर जायचं काहीच कारण नसतं. मी दार उघडून त्याच्या शेजारी बसलो.

"तुम्ही कशाला, साहेब? धूळ हाय लई."

"येतो."

त्याने गाडी सुरू केली. मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'गैरसमज' हा शब्द घातला, काढला. 'नकळत' घातला, तोही काढला. अक्कलकोट मागे पडलं तरी माझी वाक्यं काही जुळेनात. शेवटी समोर एक उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, गाडी मंदावली आणि मी बोलून टाकलं.

"ते सतरा चौकोन मी बॅलन्ससाठी तिकडं टाकले नव्हते. तिथं मुसलमान राहतात म्हणून टाकले. ठरवून नाही, पण हात तिकडंच गेला. आणि तू विचारलंस तेव्हा मी आकड्यांच्या मागे लपलो. माझं चुकलं."

त्याने गिअर बदलला. ट्रॅक्टर मागे टाकला. नजर रस्त्यावरच ठेवली. मला वाटलं, संपलं. मग रस्त्याकडेच्या एका टपरीपाशी त्याने गाडी उभी केली आणि खाली उतरला. मीही उतरलो.

"चहा बेकेन्री?" टपरीवरच्या बाईंनी कानडीत विचारलं.

"येरड कोडरी," तो म्हणाला. दोन ग्लास आले. त्याने एक माझ्याकडे सरकवला आणि बाकड्यावर बसला.

"भारत-पाकिस्तान मॅच असली की नाही," तो म्हणाला, "माणसं मला विचारतात. काय भाई, कोण जिंकणार? हसत विचारतात. चांगली माणसं असतात. माझ्याकडनं माल पाठवतात, ईदला शीरखुर्मा प्यायला येतात. पण डोळे माझ्या तोंडावर असतात, मी काय उत्तर देतो ते बघत. कॉलेजपासून तू एकट्यानं कधी विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"म्हणून रविवार तुझा होता. बाकीच्या दिवशी जपून बोलायचं, रविवारी न्हाय." त्याने चहा फुंकला. "तो कागद बघितला आणि वाटलं, ह्यानं तोंडानं न्हाय विचारलं, पेन्सिलीनं विचारलं."

मी मान खाली घातली. तरी मला पहिल्यांदा हलकं वाटलं. त्याला नेमकं काय लागलं होतं ते आता दोघांच्या मधे बाकड्यावर होतं. अंदाज करायची गरज नव्हती.

"मग मी पण काय केलं, सांगतो," तो म्हणाला. "तुलाच एका रंगात टाकून मोकळा झालो. म्हटलं, हा पण त्यातलाच निघाला. सोपं पडतं बे ते. एकदा टाकलं की परत विचार करायला लागत न्हाय. मग त्या कागदावर दुसरा रंग मारून आणलास, तर जास्तच राग आला. म्हटलं, हा चादर दुरुस्त करायला आलाय."

"बायको पण तेच म्हणाली."

"वहिनीला कळतं. तुला उशिरा कळतं."

आम्ही चहा संपवला. पैसे द्यायला मी हात खिशात घातला तर त्याने मनगटावर चापट मारली. इतकं बरं वाटलं त्या चापटीचं की मी काही वेळ मनगट चोळत राहिलो.

गाडीत बसल्यावर त्यानेच विषय काढला.

"म्यानमारकडं पण नको टाकू. आपल्यातच ठेव. पाकिस्तान पण."

"अरे, दोनशेला जातोय आकडा. बहुतेकांच्या दुप्पट."

"जाऊ दे की."

"मग सारखेपणा कुठं राहिला? मोठ्यानं दादागिरी करू नये म्हणून तर हे सगळं."

"मग आपलेच दोन गट पाड. पूर्वेकडचा एक, इकडचा एक. दोन्हीत थोडा थोडा भारत."

"देश फोडू? वाचनालयात मारतील मला."

"देश कुठं फोडायलास? मतं दोन होणार. एका घरात दोन मतं नसतात काय? तुझं एक, वहिनीचं एक."

"आमच्या घरात एकच आहे. तिचं."

तो हसला, आणि हे हसणं वेगळं होतं. त्या दिवशी ऑफिसातून जाताना तो जसा हसला होता, ते मी नेहमीचं हसणं समजलो होतो. इतक्या वर्षांत मला त्यातला फरक कळत नव्हता, हे तेव्हा कळलं.

"आणि सोलापूर कुठल्या गटात जाणार?" मी विचारलं. "मघाची बाई कानडी बोलली. आमच्या मागावर निम्मे लोक तेलुगू बोलतात. तुझ्या घरात दखनी."

"त्याचं काय? सोलापूर दोन्हीकडं. सगळ्या गटांत एक एक सोलापूरवाला पाठव. भांडणं मिटवायला न्हाय, लावायला."

मैंदर्गीला दुकानापुढे गाडी लागली. गठ्ठे उतरवायला माणूस नव्हता, म्हणून त्याने मलाही लावलं. "माफी मागितलीस ना, मग उचल," म्हणाला. माझी पाठ धरली. दुकानदार, एक वयस्कर गृहस्थ, हे बघत होते. त्यांनी त्याला विचारलं, "ह्ये कोण? नवा हमाल?"

"हमाल न्हाय, काका. हे जगाचं वाटप करतात. कुठला देश कुठं जायचा ते ह्यांच्या हातात हाय. तुमची मैंदर्गी कुठं टाकायची बोला, आत्ताच लिहून घेतात."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. घामाने माझा सदरा अंगाला चिकटला होता आणि चष्म्यावर चादरींची बारीक लव बसली होती.

"आमाला काय, कुटं बी टाका," ते म्हणाले. "फकस्त ज्या गटात उन्हाळ्यात टँकर वेळेवर येतो, त्यात टाका."

"बघ, कसं बोलले," तो मला म्हणाला. "तुझे आठ गट आणि ह्यांचा एक टँकर."

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. रिकामा टेम्पो खडखडत होता, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. वाचनालयाचा विषय निघाला. घसा बसला नव्हता हे मी त्याला सांगितलं. त्याला ते आधीच माहीत होतं, कार्यवाहांच्या घरचं सामान त्यानेच हलवलं होतं आणि तिथे त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली होती. "मी सांगितलं, हो, घसा लई खराब हाय, बोलताच येत न्हाय त्याला," तो म्हणाला.

मग त्याने वेग जरा कमी केला.

"भाषणात ते सांगणार काय? सतरा चौकोनांचं."

"सांगू का? तू म्हणशील तसं."

"सांग. मोजायला बसलेल्या माणसाच्या हातून काय होतं ते कळू दे की लोकांना." त्याने आरशात मागचा रस्ता बघितला. "पण एक ऐक. मला उभं करायचं न्हाय. 'हे माझे मुस्लीम मित्र' म्हणून टाळ्या वाजवायला लावायच्या न्हाईत. तसं केलंस तर उठून जाईन, आणि परत येणार न्हाय."

मला धसका बसला. खरं तर भाषणाचा शेवट म्हणून मी मनात अगदी तसंच काहीतरी जुळवत होतो. त्याला तसं सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तुझं तोंड बघूनच म्हटलं."

"मग काय म्हणू तुला?"

"टेम्पोवाला म्हण."

"हेकेखोर टेम्पोवाला."

"चालेल."

त्या संध्याकाळी मला जे वाटलं त्याला मी माफी मिळाल्याचा आनंद म्हणणार नाही, कारण त्याने माफ केलं असं काही म्हटलंच नाही. माझा हात पुन्हा कुठे परस्पर जाईल याची खात्री मला नाही. पण गेला तर तो बोट ठेवील आणि मी आकड्यांच्या मागे लपणार नाही, एवढं नक्की. हे ठरलं तेव्हा किती दिवसांनी मी पाठ टेकून बसलो असेन कोण जाणे.

त्याने एकदम आफ्रिका काढली. दोन गट पाडताना मी रेघ चुकीच्या जागी मारली, असं त्याचं म्हणणं होतं. वळसंगपर्यंत तो एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने हवेत ती रेघ मारून मला पटवत राहिला, आणि मला ते अजिबात पटलं नाही.